घरचीच फोटोग्राफर

सोनई,
६ ऑगस्ट २०२५

ती. स्टेला आत्यांस,
मरियाचा सप्रेम सलाम. वि. वि.

कानाचं नवं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून तुम्ही ते डब्यात घालून ठेवलंत आणि फोन घेणं सोडलंत, हे पप्पांकडून कळलं. म्हणजे पप्पांनी ते मांजराला सांगितलं, मी शेजारी उभी होते. जूनमध्ये स्टुडिओ उघडल्यापासून आमचा पत्रव्यवहार असाच मांजरामार्फत चालतो.

स्टुडिओ छान चालला आहे, फक्त पैसे देणारं माणूस अजून आत आलेलं नाही. उद्घाटनाला पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि सत्तर माणसं पेढे खाऊन गेली. आमंत्रणं मात्र अजूनही येतात. तू घरचीच आहेस, जेवायलाच ये, आणि येताना तेवढा कॅमेरा आण, असं पत्रिका देतानाच सांगतात. आतापर्यंत तीन लग्नं, दोन बाप्तिस्मे आणि एका बंगल्याची प्रार्थना काढून झाली. सकाळी आठपासून उभं राहायचं आणि पंगत उठली की उरलेला भात खायचा. घरच्या माणसाचा मान तो एवढाच.

पप्पांनी मला नाताळपर्यंत मुदत दिली आहे. तोवर दुकान चाललं नाही तर जानेवारीत नगरच्या बोर्डिंगमध्ये रेक्टर म्हणून रुजू व्हायचं. तिथल्या साहेबांना त्यांनी शब्दही देऊन टाकला आहे. मला ती नोकरी नको आहे, आत्या. मुलींनी नऊ वाजता दिवे मालवले का, हे बघत मला म्हातारी व्हायचं नाही. गिऱ्हाईक कुठून आणायचं ते सुचवा.

तुमचा लोभ फुकट मिळतो हे ठाऊक आहे, तरी तो कमी करू नये.
तुमची,
मरिया

*

नगर,
१४ ऑगस्ट २०२५

चि. मरिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका सात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे लाल पेनाशिवाय मला कुणाचं पत्र वाचता येत नाही.

त्या दोन बाप्तिस्म्यांपैकी एक माझ्या नातवाचा होता, हे तू मोठ्या मनाने लिहिलं नाहीस. उरलेला भात वाढणारीही मीच होते. बिर्याणी संपली होती, असं तेव्हा सांगितलं ते खोटं होतं. आता लाज वाटते, पण बिर्याणी परत येणार नाही.

मांजराचं मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी आमच्या वडिलांशी अबोला धरला की तुझा बाप कृपादान गोठ्यात जाऊन बैलाशी बोलायचा. एकदा तर तीन महिने.

घरच्या लोकांना सोड आणि ज्यांना मिरवायचं आहे त्यांना धर. निवडणुका येऊ घातल्या आहेत. सोनईत पुढाऱ्यांना काय तोटा?

कॅमेरा खाली ठेवून जेवत जा. प्रार्थनेत तुझं नाव रोज असतं, आमचंही तुझ्या ध्यानात असू दे.
तुझी,
स्टेला आत्या

*

सोनई,
३ ऑक्टोबर २०२५

ती. स्टेला आत्यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे पुढारी धरला. सूर्यभानभाऊ पंचायत समितीला उभे राहणार आहेत. त्यांचे दोनशे फोटो काढले: चालताना, गॉगल लावून, गॉगल काढून, आणि बंद मोबाईल कानाला लावून गंभीर चेहऱ्याने. मोबदला म्हणून वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माझ्या स्टुडिओचं नाव येणार होतं. आलंही. खाली त्रेचाळीस शुभेच्छुकांची तोंडं आणि त्यांच्याही खाली माझं नाव, नेमकं दोरी बांधायच्या पट्टीत.

त्याच्या शेजारीच रंगनाथअण्णांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. तोही फोटो माझाच, पुतण्याच्या लग्नात काढलेल्या ग्रुपमधून कापलेला. अण्णा छान हसताहेत, पण त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी पंजा आहे. तो त्यांच्या व्याह्यांचा. दोघांमध्ये दहा वर्षं भांडण होतं. त्या लग्नात मीच त्यांना आग्रहाने जवळ उभं केलं होतं. आता अण्णा कायमचे त्या हाताखाली.

ते बघून मला धंद्याची कल्पना सुचली आणि मी दारात बोर्ड लावला: 'शेवटचा फोटो वेळेवर काढून ठेवा. साठीच्या पुढे खास सवलत.'

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. दोन म्हातारे रस्ता बदलून जायला लागले. घरमालक राधाकृष्णकाका येऊन म्हणाले, पोरी, मी एकसष्ट वर्साचा हाय, तू काय माजी वाट बघतीस व्हय? पप्पा मांजराला म्हणाले की, आपल्या घराण्यात आजवर शिक्षक झाले, पाळक झाले, यमदूत हाच पहिला.

आत्या, थट्टा बाजूला ठेवते. पावणेतीन महिने उरले आहेत आणि मला भीती वाटते आहे.

चुका मोजून झाल्या की थोडी माया करावी.
मरिया

*

नगर,
११ ऑक्टोबर २०२५

चि. मरिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सवलतीबद्दल आभारी आहे. मी अठ्ठ्याहत्तरची, मला तर तू उलट पैसे द्यायला हवेस.

तुझी कल्पना चुकलेली नाही, तोंड चुकलं आहे. बोर्ड काढ आणि दारात एक हातांची खुर्ची ठेव. म्हाताऱ्या माणसांना उन्हातून जाताना कुणी बस म्हणत नाही. बसले की बोलतील, बोलले की स्वतःच विचारतील.

आणखी एक. तुमच्या भिंतीवरचा तुझ्या आईचा फोटो रेशनकार्डावरून मोठा केलेला आहे. मार्था गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा दुसरा फोटोच निघाला नाही. तिच्या गालावर शिक्क्याची निळी कड आहे. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, तुला तो चेहरा तसाच वाटत असेल. तसा नव्हता. कृपादान बावीस वर्षं त्याच्यासमोर बसून चहा पितो. तो बोर्ड त्याला का झोंबला, याचा जरा विचार कर.

या पत्राची माया अशी कडूच आहे, ती गोड मानून घ्यावी.
स्टेला आत्या

*

सोनई,
१२ डिसेंबर २०२५

ती. स्टेला आत्यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

बोर्ड काढला, खुर्ची ठेवली. पंधरा दिवस तीत फक्त राधाकृष्णकाका बसले. मग एके दिवशी रंगनाथअण्णांच्या दगडाबाई आल्या. ठेवणीतलं लुगडं, कपाळभर कुंकवाच्या जागी मोकळं कपाळ. पदराची गाठ सोडून पैसे आधी टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, माज्या पोरांवर माजा इस्वास न्हाई. माजा एकटीचा काढ, आन् खांद्यावर कुनाचा हात नको.

फोटो बघून त्या इतक्या खूष झाल्या की गावभर दाखवत फिरल्या. तेव्हापासून रांग आहे. मरायची घाई कुणालाच नाही, पण दगडाबाईंपेक्षा चांगलं दिसायची सगळ्यांना आहे. सूर्यभानभाऊंनी आईला आणलं आणि पैसे चक्क आगाऊ दिले. निवडणूक जवळ आली असावी.

काल दुपारी पप्पा आले. रिटायर होतानाचा कोट घालून रांगेत, दोन म्हाताऱ्यांच्या मागे बसले. नंबर आल्यावर त्यांनी मला, थेट मला, दर विचारला. तुमच्याकडून कसले पैसे, असं मी म्हणाले. त्यावर पप्पा म्हणाले, घरचीच म्हणून फुकट काढून घेणाऱ्यांतला मी नाही.

आत्या, आजवर कितीतरी म्हाताऱ्यांना मी इकडे बघा, हसा, असं हसत हसत सांगितलं. काल कॅमेऱ्यातून पप्पा दिसले, कॉलरमध्ये मान किती बारीक झाली आहे ते दिसलं, आणि माझं बोट चालेना. रडूच आलं. ते तसेच ताठ बसून राहिले. समोर बघतच म्हणाले की, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं आहे. मग काढला.

फोटो संध्याकाळी घरी घेऊन येते, असं मी म्हणाले. तर पप्पा म्हणाले, घरी आणायचा नाही. लागेल त्या दिवशी कुणीतरी इथे न्यायला येईल, तोवर हे दुकान उघडं राहिलं पाहिजे. कोटाची बटणं सोडत त्यांनी असंही सांगितलं की, बोर्डिंगच्या साहेबांना नकाराचं पत्र सकाळीच टाकलं आहे.

फोटो फार चांगला आला आहे. मी तो कपाटात अगदी खाली, सगळ्या पाकिटांच्या तळाशी ठेवला आहे. तो कुणाला वर्षानुवर्षं लागू नये, एवढी प्रार्थना करावी आणि आम्हा दोघांवर लोभ ठेवावा.

तुमची,
मरिया