आक्काबाईंची उजळणी

१२ फेब्रुवारी १९५६, चिंचवड
आज खोली मिळाली. रंगरावदादा देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला. त्याच्या खोलीत चौघे पुरुष, म्हणून त्यानं मला इथं शालनबाईंकडे आणून सोडलं. कौलारू घर, परसात शेवगा, मागं पवनेकडे उतरणारी पायवाट. शालनबाई भाजीची पाटी घेऊन पिंपरीला नव्या कारखान्याच्या वसाहतीत जातात. आतल्या खोलीत त्यांची म्हातारी आई, आक्काबाई, खाटेवर असते. तिला कुणाची ओळख नाही, बोलणं नाही. दुपारी तिला पाणी पाजायचं, एवढंच माझ्याकडे. शालनबाईंनी दादाला एकच विचारलं म्हणे, बाई शिकणारी हाय ना?

एप्रिलात फायनलची परीक्षा. पास झाले की मास्तरीण होईन, आणि लेकीला, वच्छीला, बार्शीहून कायमची आणीन. हे गेल्यापासून सासूबाई म्हणतात, नोकरी लागली तरच पोर देऊ. पेपर संपले की दादा तिला निदान भेटीला आणणार आहे. शेवग्याला फुलं आलीत. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२० फेब्रुवारी
मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही. शालनबाईच म्हणाल्या, आत बसून वाचा की, तेवढीच आईला सोबत. म्हणून आता खाटेच्या पायथ्याशी बसते. नद्या झाल्या, मिश्र अपूर्णांक झाले. आक्काबाईंची नजर माझ्या ओठांवरून हलत नाही. वाचता वाचता मीच तोंडावर पदर घेते.

४ मार्च
आक्काबाई बोलल्या! पाणी पिऊन झालं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "प्रवरा, मांजरा, इंद्रावती." शालनबाई पाटी टाकून धावत आल्या, आईचे पाय धरून रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग उजळणीला बसले. गोदावरीला मिळणाऱ्या नद्या. एकही आठवेना. पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. पुन्हा कोरं. दमले असेन.

११ मार्च
दादा सुट्टीचा आला होता. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन त्यानं माझी परीक्षा घेतली. त्रैराशिकाचं साधं गणित, लहानपणी मीच त्याला शिकवलेलं. पाटीवर पेन्सिल टेकवून बसले, हात हलेना. आतून आक्काबाईंनी उत्तर सांगितलं. बरोबर होतं. दादा हसला, म्हणाला, म्हातारीलाच बसव परीक्षेला.

मला हसू आलं नाही. रात्रभर पाढे म्हणत होते. सातच्या पुढचे येत नाहीत.

१९ मार्च
मोठ्यानं वाचणं बंद केलंय. शेवग्याखाली बसून मनात वाचते. उपयोग नाही. घरात पाऊल टाकलं की आक्काबाई तोच धडा म्हणत असतात.

आणि आज त्या म्हणाल्या, "वच्छीच्या डाव्या कानामागं तीळ हाय."

हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. मुळात — मला तो तीळ आठवतच नाही. न्हाऊ घालताना मीच पाहिला असणार ना? मीच.

२५ मार्च
शालनबाईंना विचारलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता बोलल्या, "आईनं मला कैक सालं वळखलं न्हवतं, बाई. पोटच्या पोरीकडं परक्यावानी बघायची. काल तिनं मला शाले म्हनून हाक मारली. तुमच्या आदी एक मास्तर हुते, पर ते लवकर सरले."

सरले म्हणजे मेले का, विचारलं. म्हणाल्या, न्हाई, जित्ते हायत, कुटंतरी.

पिशवी भरून तडक स्टेशनवर गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठलं तिकीट? दादा राहतो तिथलं. गावाचं नाव जिभेवर येईना. मागची माणसं ओरडायला लागली. उभी राहिले, उभीच राहिले. पायांना एकच वाट माहीत होती.

परत आले. आक्काबाई म्हणाल्या, "देहूरोड."

२ एप्रिल
पेपर झाला. प्रश्न सगळे ओळखीचे, आमच्या गल्लीतल्या माणसांसारखे. नाव मात्र एकाचंही आठवत नाही. शेजारच्या बाया खरडत होत्या. पर्यवेक्षक वाकून म्हणाले, निदान आपलं नाव तरी लिहा. मी —

कोरा कागद दिला.

घरी आले तर आक्काबाई खाटेवर उठून बसलेल्या. वेणी घालत होत्या. चार पेडांची, मी घालते तशी. पहिल्या प्रश्नापासून उत्तरं म्हणत होत्या, ओळीनं. शालनबाई समोर बसून ऐकत होत्या, कौतुकानं.

४ एप्रिल
घराला दार आहे. दारातून जाता येतं. कुठं —

मागची पानं वाचली. पोरीचं नाव लिहिलंय. वाचलं की कळतं. मान वर केली की जातं. हातावर लिहिलं. मग हाताकडे बघत बसले, हे काय आहे म्हणून.

आक्काबाई चालतात आता. तरण्या बाईसारख्या.

८ एप्रिल
एक माणूस आला. लहान मुलगी घेऊन. मला इंदू म्हणाला. रडतोय. हिला काय झालं, असं शालनबाईंना विचारतोय.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघते. मी हात पुढं केले. हाक मारायला तोंड उघडलं — काय हाक मारायची —

आतून कुणीतरी मारली. लाडाच्या नावानं. माझ्याच आवाजात. मी धरून ठेवणार होते ते नाव, लिहिणार होते —

पोर माझ्याकडे बघायची थांबली. आत पळाली. आत हसणं. आई, म्हणाली ती. मी ओ दिली. माझी ओ तिला ऐकू —

मी उठते. दाराशी जाते. तिला सांगते की मी तिची