वाढल्या सायकली

आये, तुला पत्र लिहिते आहे असं म्हणायचं, पण लिहिते आहे माझी सून. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, मग या कागदाचं काय व्हायचं ते तूच बघ. ती ओट्याशी उभी आहे, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, आणि मी खुर्चीत. पाटावर बसले तर उठवायला दोन माणसं लागतात आणि घरात आत्ता आम्ही दोघीच. मी हिला बजावलं, मी बोलेन तसं लिहायचं, सुधारायचं नाही. तर म्हणाली, "आई, तुम्ही श्वास कुठे घेता तेवढं सांगा, तिथे मी टिंब देते." अशी सून मिळाली आहे. तुला आवडली असती. तू तसं तिच्या तोंडावर म्हटलं नसतंस.

बोलायचंय ते सायकलबद्दल. आमच्या गॅलरीत एक सायकल उभी आहे, कोरी म्हणावी अशी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलेलं नाही. तिच्या हँडलवर माझा टॉवेल वाळतो आणि मागच्या कॅरियरवर कांद्यांची पिशवी असते. उद्या सकाळी मानपाड्याहून एक माणूस येऊन ती घेऊन जाणार. ज्याच्यासाठी आणली त्यानेच, माझ्या मुलाने, काल तसं ठरवून टाकलं. म्हणाला, जागा अडते. कांद्यांनी इतकी वर्षं काही तक्रार केली नव्हती. मला सायकलीचं एवढं नाही गं. पण ती गेली की तिच्याबरोबर त्याचं काय जाणार ते मला दिसतं आहे, आणि ते ज्याला न समजावता कळेल असं माणूस आता इथे उरलेलं नाही.

तुझं ठाकुर्लीचं स्वयंपाकघर आठवतं. स्वयंपाकघर कसलं, खोलीचा मागचा अर्धा भाग, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. पुढच्या अर्ध्यात वीजघरातले एकटे बाप्ये पाटाला पाट लावून जेवायला बसलेले, आणि त्यांच्या जेवणावर आपलं जेवण निघायचं. मी परकरातली. तुझा नियम होता, 'संपलं' म्हणून म्हणायचं नाही. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. मीठ वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. एकदा मी दारातूनच शेजारणीला ओरडून सांगितलं, आमचे तांदूळ संपले, वाटीभर द्या. तू मला आत ओढलंस आणि दंडाला असा चिमटा काढलास की त्याची निळी खूण कितीतरी दिवस मी मैत्रिणींना दाखवत होते. "घर ऐकत असतं," म्हणालीस. "डब्याला कान असतात. संपले म्हटलंस की तो तेच धरून बसतो." मी तुझ्या तांदळाच्या पितळी डब्याकडे बघितलं. दोन बाजूंना दोन कड्या होत्या. मला ते खरंच कान वाटले, आणि खरं सांगू, अजून वाटतात.

आणि तो घाटावरचा गृहस्थ आठवतो का? नवा आलेला होता, त्याला तुझी भाषा माहीत नव्हती. त्याने भात मागितला. तू पडद्याआडून म्हणालीस, "भात वाढला हो." तो बिचारा ताट पुढे करून बसून राहिला. वाढला म्हणजे आता येतोच आहे, असं त्याला वाटलेलं. बऱ्याच वेळाने म्हणतो, "वहिनी, वाढला तर मग कुठाय?" बाकीच्यांना हसून ठसके लागले. शेवटी तू आपल्या वाट्याचा भात काढून त्याला दिलास आणि स्वतः ताक पिऊन राहिलीस. पण 'संपला' काही म्हणाली नाहीस. कसली गं एवढी ऐट. माझ्या लग्नात तोच डबा तू मला दिलास, तळाशी मूठभर तांदूळ ठेवून. म्हणालीस, तळ कधी दिसू द्यायचा नाही.

आता तू गेल्यानंतरचं सांगते. मध्ये एक आजार आला आणि सगळ्यांची दारं बंद झाली. पुढे रेल्वे सुरू झाली ती दवाखान्यातल्या आणि सरकारी माणसांसाठी, आमच्यासारख्यांना फाटकाबाहेर ठेवलं. तुझा नातू ठाण्याला चष्म्याच्या काचा घासायच्या कामाला होता. तू त्याला दुपट्यात पाहिलंस, त्याचे हात पाहिले नाहीस. काच नुसती अंगठ्याखालून फिरवायचा आणि सांगायचा, इथे जाड आहे. मालक माणूस बरा होता. त्याने फोन केला, सोमवारपासून काम उघडतोय, कसंही करून ये, नाहीतर मला इकडचा कोणीतरी बघावा लागेल. हा बसच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तर रांग पुढे सरकेना, नुसती मागे वाढे. मग त्याला सायकल सुचली. पन्नाशीला टेकलेला माणूस. मी म्हटलं, "गुडघे माझ्याकडून घेतलेत तू, जरा विचार कर." म्हणाला, "आई, तिथे स्टुलावर कोणी बसला ना, की तो उठत नाही."

पण सायकल सगळ्यांनाच सुचलेली. डोंबिवलीत ज्याला म्हणून दोन पाय होते तो सायकल शोधत होता. माल पंजाबातून यायचा, तो तिकडेच अडकलेला. दुकानांत उरल्या होत्या त्या बारक्या पोरींच्या, गुलाबी, बाजूला दोन छोटी चाकं असलेल्या. एका दुकानदाराने ह्याला विचारलं म्हणे, ही चालेल का. मी म्हटलं, "घे की, हँडलला झिरमिळ्या असतील, मालक ओळखेल तरी लांबून." हसला. तेव्हा हसायचा तो. असा फिरत फिरत कल्याणातल्या एका जुन्या दुकानात नाव सांगून आला. मालाची गाडी कधी येईल ते सांगता येत नाही, फोन करून विचारत जा, म्हणाले. इकडे आमच्या इमारतीचा वॉचमन मुलखाला निघालेला, त्याची एक जुनी काळी सायकल होती. तो म्हणाला, "भाऊ, ले लो, मेरे किस काम की." ह्याने त्याला थांबवून ठेवलं, की कल्याणचं कळलं की सांगतो.

सोमवारच्या आधीचा शनिवार. दुपारी मी जरा कलंडले होते. हिने कल्याणच्या दुकानाला फोन लावला. दुकानदार नव्हता, त्याच्या म्हाताऱ्या आईने उचलला. हिने विचारलं, सायकली आल्या का हो. म्हातारी म्हणाली, "अगं बाई, वाढल्या. सगळ्या वाढल्या." लिही गं, थांबलीस कशाला, तुला कोणी बोल लावत नाही आहे. आये, ही इमारतीत जन्मलेली. हिच्या माहेरी साखर संपली की 'संपली' म्हणायचे आणि वाण्याला फोन करायचे, आणि त्यांच्या डब्यांना कधी काही झालं नाही. हिने ऐकलं, सायकली वाढल्या, म्हणजे पुष्कळ आल्या. तो तर शर्ट घालतच जिना उतरला. फाटकात वॉचमनला सांगून गेला, नवी मिळतेय, तू तुझी दे कोणालाही. वॉचमनने तिथल्या तिथे भाजीवाल्याला देऊन टाकली आणि संध्याकाळच्या टेम्पोने गेला.

मी उठले तर हिने चहात भरपूर आलं घातलेलं. आनंदात होती. म्हणाली, आई, मिळाली सायकल. मी म्हटलं, "ती बाई काय म्हणाली ते तिच्या शब्दांत सांग." म्हणाली, "वाढल्या म्हणाल्या." मी कप खाली ठेवला. मी अर्थ सांगितला आणि हिने ताबडतोब त्याला फोन लावला. फोन देवघराशेजारी वाजला, चार्जिंगला लावलेला. आम्ही दोघी त्या वाजणाऱ्या फोनकडे बघत बसलो, जणू तोच कल्याणहून परत येणार होता.

दिवेलागणीला आला. जाऊन येऊन सगळं चालत. दारात चपला काढताना म्हणाला, "आई, दुकानात नुसत्या भिंती आहेत, आणि सायकली टांगायचे हूक."

"आणि ती म्हातारी?"

"तिला म्हटलं, आजी, संपल्या तर संपल्या म्हणायचं ना. तर म्हणते, दुकानात बसून तोंडाने कसं म्हणू रे बाबा."

ही ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिला म्हणाला, तुझं काय चुकलं, मलाही तेच वाटलं ना. मग माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं, वाढल्या म्हणजे काय ते?" म्हटलं, हो. "मग आम्हाला कसं माहीत नाही?" आये, तू चिमटा काढून शिकवलंस. मला वाटलं, ह्यांचे डबे भरलेले आहेत, ह्यांना कशाला हवा तो शब्द.

सोमवार गेला. मालकाने मंगळवारही पाहिला. पुढे केव्हातरी माल सुटला आणि नवी सायकल आली. हिने हँडलला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी नारळ वाढवला. बघ, तिथेही वाढवलाच. तो ती घेऊन ठाण्याला गेला. त्याच्या स्टुलावर कळव्याचा एक तरुण मुलगा बसलेला, हात बसत आलेला. मालकाने चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, काम वाढलं की बोलावतो. कुठल्या अर्थाने वाढलं, ते मी मुलाला विचारलं नाही. पण कळलंच पुढे. काचा घासायला यंत्रं आली आणि त्या मालकाने धंदाच वाढवला, तुझ्या अर्थाने.

त्यानंतर सायकल गॅलरीत. कोणी म्हणालं की विकून टाका, तर हा म्हणायचा, राहू दे, लागेल. रेल्वे पूर्ववत झाली तरी म्हणायचा, लागेल. मधल्या काळात औषधाच्या दुकानात होता, मानपाड्याच्या एका कारखान्यात खोकी भरायला होता, मग तेही नाही. आता ही डबे करून पोचवते. तुझीच खानावळ, फक्त जेवणारे समोर बसत नाहीत, म्हणून ताट पुढे करून कोणी हसवतही नाही. तो रोज सकाळी भांग पाडून निघतो, कुठे कुठे विचारून येतो. काय विचारतो, त्याला लोक काय सांगतात, तो बोलत नाही. संध्याकाळी आला की पाणी पितो आणि त्या सायकलीकडे बघत बसतो. तेवढं तरी बघायचा. काल म्हणाला, द्या ती.

पण मी तुला हाक मारली ती दुसऱ्याच कारणाने. निघताना तो आजवर 'येतो' म्हणायचा. शाळेत जाताना, कामावर जाताना, त्या शनिवारीसुद्धा जिन्यातून ओरडला, "येतो गं." काल दारात म्हणाला, "जातो." मी हिला विचारलं, ऐकलंस? ही म्हणाली, आई, हल्ली सगळेच म्हणतात. म्हणत असतील. आपल्या घरात म्हणत नव्हते. आज सकाळी पुन्हा म्हणाला, "जातो." मी इथून खुर्चीतूनच जोरात म्हटलं, "ये." जिन्यावर पावलं जरा थांबली, की मला तसं वाटलं, मग उतरली. मला शब्दांची खात्री देऊ नकोस. दवाखान्याच्या गाडीत चढताना तूही 'येते' म्हणाली होतीस. आली नाहीस. तरी माणूस 'येतो' म्हणून गेलं की दिवसभर दाराकडे बघायला निमित्त तरी असतं.

ही विचारते आहे, वर पत्ता काय घालू. म्हटलं, काही नको, मांडणीवर डब्याखाली अंथर हा कागद, तिथून तिला मिळेल.

आणि एक लिही. ही दुपारी डबे पोचवायला गेली की मी गॅलरीत जाऊन त्या सायकलीची घंटी वाजवत असे. रोज. घर ऐकतं म्हणालीस ना, तर घराला वाटावं की हा कामावरून आला. आज ही आंघोळीला गेली तेव्हा मी घंटीची वरची वाटी फिरवून काढली. सहज निघते, डब्याच्या झाकणासारखी. उद्या तो मानपाड्याचा माणूस विचारेल, घंटी कुठाय, तर सांगायचं, वाढली. ती मी तुझ्या डब्यात ठेवली आहे. ठेवताना खण्णकन वाजली, तळाला लागून. अशी बघू नकोस माझ्याकडे, लिही. तांदूळ संपलेत, आये. मी ते मोठ्याने म्हटलं, आणि हिने काय लिहिलं ते मला वाचता येत नाही.