शेजारच्या सीटखालचा पत्रा

३ मार्च
आज चालत्या गाडीतून हिची चप्पल रस्त्यावर पडली. दार बंद, काच बंद. माझ्या शेजारच्या सीटपुढचा मॅट सरकला, खालचा गंजका पत्रा तुटला आणि भोकातून चप्पल गेली. ही म्हणाली, वर्षभर सांगतेय पायाला ओल लागते म्हणून. मला आठवत नाही. चप्पल आणायला भर उन्हात मागे चालत मी गेलो, हे कुणी लक्षात ठेवणार नाही.

गॅरेजवाल्याला दाखवलं. गंजलेला सगळा भाग कापायचा, तयार पत्रा आणायचा, वेल्डिंग करायचं, दोन दिवस गाडी सोडून जा. हे सगळं तोंडात टूथपिक ठेवून. असल्या माणसाच्या हाती मी गाडी देत नसतो. पत्रा घरी बनवणार. ठरलं.

४ मार्च
हिची ड्रायव्हिंग टेस्ट बावीस तारखेला आहे. पास झाले की आईकडे स्वतः गाडी घेऊन जाणार, असं जाहीर करून टाकलंय. सासूबाई तासाभराच्या अंतरावर एकट्या राहतात. मी नेत नाही का? वर्षातून दोनदा नेतो, तेही फारसं न कुरकुरता.

हिला शिकवायला आधी मीच बसलो होतो. पहिल्याच चौकात ही गाडी बंद करून उतरली आणि चालत घरी गेली. माझा आवाज मुळातच मोठा आहे, त्याला मी काय करू? मग क्लास लावला. तिथली बाई म्हणे ओरडत नाही. ओरडत नाही तर शिकवते काय?

गाडी उभी म्हणून आता घरची प्रॅक्टिस बंद. नाइलाज आहे.

७ मार्च
गाडीखाली उताणा पडून भोकाचा आकार पुठ्ठ्यावर काढून घेतला. तळमजल्यावरचा म्हातारा खुर्ची टाकून बघत बसला. याला दुसरा उद्योग नाही. तोंडात गंज जात नाही का, म्हणाला. जात होता. म्हणूनच उत्तर दिलं नाही.

८ मार्च, दुपार
पत्रा सापडला! बेडरूममधल्या लोखंडी कपाटाची पाठ. भिंतीला लागून असते, जन्मात कुणी बघत नाही. ही क्लासला गेल्यावर भाड्याच्या ग्राइंडरने कापून काढली. तळमजला आवाजाची तक्रार घेऊन वर आला, त्याच्या तोंडावर दार लावलं. कपाट परत जागेवर. समोरून काडीचाही फरक दिसत नाही.

१२ मार्च
चारी कडा ठोकून दुमडल्या. बोटं सुजली. आणि आता पत्रा बसत नाही. कोपरा हवा तिथे गोलाई, गोलाई हवी तिथे कोपरा. कंपनीने गाडीच वाकडी काढली आहे. कडक शब्दांत लिहून कळवणार.

संध्याकाळी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, जगातलं सगळं याला कळतं. पत्रा घेतला, उलटा केला, भोकावर धरला. नेमका बसला. म्हणाला, भाओजी, माप खालून घेतलंत आणि बसवताय वरून. पण उलटा केल्यावर दुमडलेल्या कडा सगळ्या खाली लोंबायला लागल्या, म्हणजे पत्रा वायाच. हे त्यालाही सुचलं नव्हतं. आगाऊ कुठला. हा हसल्यावर हीसुद्धा हसली, हे मी पाहिलंय.

१५ मार्च
दुसरा पत्रा तयार. कपाटाचा खालचा कप्पा. त्यावरचे हिचे स्वेटर पलंगाखाली सरकवले.

कडेने रिव्हेट, भरपूर सीलंट, वरून काळा रंग. खालचा गंज कापत बसलो नाही. रंगाखाली झाकला की गंज वाढत नाही, असं माझं मत आहे.

गाडी कधी मिळेल, हिने विचारलं. सीलंट सुकू दे. कधी सुकेल? घाई केली की काम बिघडतं, एवढंच सांगितलं.

१८ मार्च
कपाट उघडकीला आलं. हिने स्वेटरसाठी आत हात घातला, तो भिंतीला लागला. आता आरडाओरडा होणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ही पलंगावर बसली आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला ही गाडी खरंच चालायला हवी आहे का?"

हा काय प्रश्न झाला? असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. दिवसभर दुसरं काही सुचलंही नाही.

२० मार्च
सर्वांसमक्ष प्रात्यक्षिक. ही, मेहुणा, आणि न बोलावता तळमजला. शेजारच्या सीटवर बसलो आणि एक टाच आपटली. पत्रा ढिम्म हलला नाही. दोन्ही पाय आपटा, तळमजला म्हणाला. त्याचं ऐकायला नको होतं.

माझा पत्रा शाबूत आहे, हे इथे नमूद करतो. एकही रिव्हेट निघाला नाही. ज्या गंजक्या कडेला तो ठोकला होता ती कडाच पत्र्यासकट खाली गेली, आणि सोबत माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत. पोटरी फाटली.

मेहुणा रिक्षा बघायला धावणार होता. हिने त्याला थांबवलं. माझा पाय टॉवेलने बांधला, दोन्ही पाय वर डॅशबोर्डवर ठेवायला लावले आणि किल्ली फिरवली. शिकणाऱ्याशेजारी लायसन्सवाला लागतो, तो मी होतोच. खालून रस्ता पळताना दिसत होता. मी क्लच, क्लच ओरडत होतो. गाडी एकदाही बंद पडली नाही.

टाके, इंजेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हणालो, अपघात. ही म्हणाली, कपाट.

२२ मार्च
ही पास झाली. क्लासच्या गाडीवर. आपली गाडी कालच टूथपिकवाल्याकडे नेऊन दिली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणालो असतो. बहुतेक.

२९ मार्च
गाडी आली. वेल्डिंग ओबडधोबड आहे. पण पाय आपटून पाहिला, पक्कं आहे.

ही आज आईकडे निघाली. पाय दुखत असूनही मी शेजारी बसायला तयार होतो, शर्टसुद्धा बदलला होता. ही म्हणाली, एकटीच जाते, राहीन थोडे दिवस. किती, ते मी विचारलं नाही.

गॅलरीत जायचं नाही असं ठरवलं होतं. खाली गाडी सुरू झाली तसा लंगडत गेलो. हात केला. हिने वर बघितलं नाही. गाडी चालवताना नजर रस्त्यावर ठेवायची असते.

हे मात्र मीच शिकवलं होतं.