शेवटच्या गाडीचा खुलासा

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? खुब्याचं दुखणं आता सोसण्याइतकं आहे आणि तुम्ही पुन्हा सगळ्यांवर चिडायला लागला आहात, असं मामींनी फोनवर सांगितलं, तेव्हा जिवाला बरं वाटलं. टाके शुक्रवारी काढायचे होते. काढले असतील तर उत्तम. राहिले असतील तर हे पत्र एका दमात न वाचता थोडं थोडं वाचावं. मामींना नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे. गाडीची तब्येतही उत्तम आहे. हे वाक्य मी मुद्दाम वरच लिहितो आहे, कारण पुढे पत्रात पोलीस, शेळ्या आणि प्रमुख पाहुणे येणार आहेत, आणि तेव्हा गाडीविषयी तुमच्या मनात भलतीसलती शंका यायला नको.

ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून तुम्ही मला जे म्हणालात, ते मी घरी आल्याबरोबर वहीत उतरवून ठेवलं होतं. "गाडी प्रदर्शनाला तूच ने. एकही तक्रार न येता परत आणलीस तर गाडी तुझी. तक्रार आली तर ती विकायला मी दातांच्या डॉक्टरला हो म्हणून मोकळा होतो, दोन वर्षं माझं डोकं खातोय तो." (तेव्हा तुम्हाला गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं, त्यामुळे ते बोलणं धरू नये, असं मामी म्हणतात. मी मात्र ते पूर्ण धरलेलं आहे, दोन्ही बाजूंनी.) गेली चार वर्षं मी जितका त्या जुन्या लष्करी गाडीखाली पडलो, तितका स्वतःच्या अंथरुणात पडलो नसेन. तेव्हा आजच्या दिवसाला माझ्या लेखी काय किंमत होती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज तक्रारी आल्या आहेत. मोजून तीन. चौथी एका मेव्हण्याची आहे, पण ती शेळ्यांबद्दल असल्यामुळे आपल्या खात्यात धरू नये, अशी विनंती आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष तुम्हाला फोन करणारच. ते फोनवर ओरडतात. पत्रात ओरडता येत नाही, म्हणून मी पत्र लिहितो आहे.

तयारीत काडीची कसर नव्हती. एकोणीसच्या एकोणीस जागी ग्रीस भरलं, मागचं डावं चाक खोलून पुन्हा बसवलं (काहीच झालेलं नव्हतं, पण न खोलता ते कळलं नसतं), आणि बॉनेटवरचा आकडा तुमच्या जुन्या फोटोवरून पट्टीने मोजून रंगवला. सकाळी साडेसातला बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात सगळ्या गाड्या जमल्या. चौदांची नोंद होती, आल्या तेरा. नऊ नंबरची गाडी आली नव्हती. "येईल वाटेत, घुसेल मध्ये कुठंतरी," असं अध्यक्ष म्हणाले. हे त्यांचं वाक्य कृपया लक्षात ठेवावं. ते स्वतः आता विसरले आहेत.

ताफ्याचे नियम तुम्हीच क्लबला लिहून दिलेले, तोच कागद आजही वाटला गेला. पहिल्या गाडीवर निळं निशाण, शेवटच्या गाडीवर हिरवं. निळं दिसलं की चौकातल्या हवालदाराने आडवे रस्ते बंद करायचे, हिरवं गेलं की उघडायचे. हिरवं निशाण यंदा आपल्याला मिळालं. अध्यक्ष ते माझ्या हातात देताना म्हणाले, "तुला देतोय, कारण तू घाई करत नाहीस." ही क्लबमध्ये झालेली माझी पहिली स्तुती. नियम सातवा मी गाडीत बसून पुन्हा वाचला: शेवटच्या गाडीने ताफ्यातली कोणतीही गाडी मागे टाकू नये, कोणतीही गाडी मागे सोडू नये, चाळीस पावलांचं अंतर राखावं. आठ वाजता निघालो. माझ्यापुढे शिंप्याची जीप होती. आपली गाडी अशी चालली होती, मामा, की तिसऱ्या गिअरला माझे डोळे भरून आले. (डाव्या खिडकीची काच नीट बसत नाही, त्यामुळे वाराही होता.)

पेट्रोल पंपाशी शिंप्याच्या आणि माझ्या मध्ये एक ट्रक घुसला. आपल्या गाडीसारखाच जुना लष्करी, गोल दिव्यांचा, रंग उडून खाली मूळचा हिरवा दिसणारा. नऊ नंबर, असं मी मनात म्हटलं आणि निश्चिंत झालो. पुढे एका वळणावर त्याच्या ताडपत्रीखालून शेळीने तोंड बाहेर काढलं. इथे माझी चूक झाली असं सगळे म्हणतात. पण गुणांच्या तक्त्यात "गाडीच्या काळाला साजेसा माल" याला पाच गुण आहेत, आणि सैन्याबरोबर पूर्वी शेळ्या जात असत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आपण मागे दोन रिकामे पेट्रोलचे डबे ठेवले होते. मला शेळीकडे बघून त्या डब्यांची लाज वाटली.

मोठ्या चौकाच्या अलीकडे ताफा सरळ गेला आणि शेळ्यांचा ट्रक डावीकडे कच्च्या रस्त्याला वळला. मी क्षणभर थांबलो. सरळ गेलो असतो तर एक गाडी मागे सोडली असती. म्हणून मीही डावीकडे वळलो. ट्रकवाल्याने आरशात पाहिलं आणि वेग वाढवला. मीही वाढवला, कारण चाळीस पावलांची दीडशे झाली होती. त्याने आणखी वाढवला. सहा-सात किलोमीटर आम्ही असे गेलो. शेवटी एका विहिरीपाशी रस्ता संपला तेव्हा तो थांबला, खाली उतरला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला.

"साहेब, कागद आहेत सगळे!" तो लांबूनच ओरडला. "शेळ्या मेव्हण्याच्या आहेत. मी फक्त हलवतोय."

मी नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्ही नऊ नंबर ना?"

"नऊ कुठं, अकरा आहेत. मेव्हणा काय नऊ म्हणाला? बघा, बघा, खोटं बोलायची खोडच आहे त्याला!"

घरातली वाटणीची भानगड होती, आणि मेव्हणा कामावर गेल्यावर हा शेळ्या काढून आणत होता. माझी लष्करी गाडी आणि तिच्यावरचं निशाण बघून मेव्हण्याने थेट लष्कर धाडलं असं त्याला वाटलं. मी कोण ते समजावून सांगितल्यावर त्याने हात खाली घेतले आणि पहिल्यांदा आपल्या गाडीकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "हिचा कार्बोरेटर मूळचाच हो? माझाही मूळचाच."

मामा, इथे एक गोष्ट लपवत नाही. तिथून मी लगेच निघू शकलो असतो. पण त्याच्या ट्रकचं एअर फिल्टर जसंच्या तसं आहे, तेलाच्या वाटीसकट. आपण तीन वर्षं शोधतोय ते. मी बॉनेट उघडायला सांगितलं. त्याच्या इंजिनाचं टायमिंग थोडं मागे होतं, ते मी लावून दिलं, त्याने मला आपल्या गाडीच्या क्लचचा आवाज "फार काही नाही, पण आहे" असं सांगितलं (आवाज आहे, मी तुम्हाला बोललो नव्हतो), आणि यात सव्वा तास गेला.

त्या सव्वा तासात चौकात जे झालं ते मला नंतर सातआठ जणांनी सांगितलं, प्रत्येकाने वेगवेगळ्या आवाजात. शिंप्याची जीप, म्हणजे तेरा नंबर, गेली, पण हिरवं निशाण आलं नाही, म्हणून हवालदाराने रस्ते उघडले नाहीत. एका बाजूला दोन दूधगाड्या, शाळेची सहल आणि सोफा वाहून नेणारे दोघे हमाल होते. हमाल नंतर त्याच सोफ्यावर बसले. दुसऱ्या बाजूला प्रमुख पाहुण्यांची गाडी होती, ज्यांनी प्रदर्शनाच्या मैदानात येऊन फीत कापायची होती. शेवटी अध्यक्ष मैदानातून चौकापर्यंत चालत आले.

"अहो, ताफा पोचून तास झाला! सोडा की रस्ता!"

"हिरवं निशाण कुठंय?"

"ते हरवलंय!"

"मग सापडेपर्यंत ताफा चालू आहे, साहेब. तुमच्याच कागदावर आहे, वाचून दाखवू?"

हवालदाराने खरोखर वाचून दाखवलं, आणि सोफ्यावरच्या हमालांनी मान डोलावली. माझ्या मते त्या चौकात कागद समजलेला तो एकटाच माणूस होता. आम्ही पावणेअकराला तिथे पोचलो. पुढे शेळ्यांचा ट्रक (त्याला परत एकट्याने जायची भीती वाटत होती, म्हणून म्हटलं चला) आणि चाळीस पावलं मागे मी. हवालदाराने मला कडक सलाम ठोकला, रस्ते उघडले, आणि दहा मिनिटांनी माझ्याविरुद्ध तक्रारही लिहिली. ती पहिली. दुसरी अध्यक्षांची. तिसरी प्रमुख पाहुण्यांची, पण ते सभ्य आहेत. फीत कापताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

निकालाचंही सांगून टाकतो. मूळ स्थितीतल्या गाडीचं पहिलं बक्षीस शेळ्यांच्या ट्रकला मिळालं. परीक्षकांना तो नऊ नंबर वाटला. "काळाला साजेसा माल" याचे पाचही गुण त्याला पडले. परीक्षकांच्या कागदावर "जिवंत वाटतात" असा शेरा आहे. आपल्याला उशिराबद्दल दहा गुण कमी करून सहावा क्रमांक. खरा नऊ नंबर आला नाही तो नाहीच.

दातांचे डॉक्टर मैदानात आले होते. त्यांनी आपल्या मडगार्डवर बोटाच्या पेराने टक टक करून कान लावला, आणि "इथे ठणकतंय का?" असं मला विचारून स्वतःच हसले. मग म्हणाले, "मामांना सांग, सहा वाजता घरी येतोय. गाडी दारात हवी, इंजिन चालू हवं. तक्रारी झाल्याच आहेत म्हणे आज, तर आता ते मला नाही म्हणायचे नाहीत. फक्त चालू असलेलं ऐकायचंय. बंद गाडी मी घेत नाही." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वाईट माणूस नाहीत. पण ते गाडी काचेच्या खोलीत ठेवणार आहेत, आणि रोज पुसायला एक माणूस ठेवणार आहेत, असं ऐकतो.

घडलं ते सगळं लिहिलं. नियम पाळले आणि तक्रारी आल्या, हे दोन्ही खरं आहे. त्यातलं कोणतं मोजायचं ते तुम्ही ठरवायचं. मी काही मागत नाही. मामींना पुन्हा नमस्कार. औषधं वेळेवर घ्यावीत.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. शेळ्या सुखरूप आहेत. मेव्हण्याची आणि ट्रकवाल्याची मैदानात गाठ पडली. बक्षिसाचा चषक बघून मेव्हणा आता म्हणतो की ट्रकही मुळात त्याचाच आहे.

ता. क. २. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तिकीट नसल्यावरून लक्षात आलं असेल. ते मी दाराखालून सरकवलं आहे. मी तुमच्या फाटकासमोर गाडीत बसून लिहितो आहे. तीन वाजता आलो, दोनदा घंटीपर्यंत हात नेला, मग वाटलं, आधी लिहून काढावं. त्यात दोन तास गेले. ताफा संपल्याचं अध्यक्षांनी जाहीर केल्याशिवाय शेवटच्या गाडीने दिवे बंद करायचे नाहीत (नियम बारावा), आणि ओरडण्याच्या भरात ते जाहीर करायचं त्यांच्याकडून राहून गेलं. त्यामुळे पत्राचं पहिलं पान लिहिलं तेव्हा गाडीची तब्येत उत्तम होती, ते तेव्हा खरं होतं. आता बॅटरी उतरली आहे.

ता. क. ३. हँडल मारून बघितलं. सतरा वेळा. इंजिन धरतं, पण लगेच सीटवरून चोक आत ढकलायला दुसरा माणूस लागतो. गाडीच्या नाकापासून तिच्या दारापर्यंत पोचायला मला नऊ सेकंद लागतात आणि ते सातव्या सेकंदाला मरतं. मामी देवळासमोरच्या दुकानात गेल्या आहेत, मी जाताना पाहिलं (खाली वाकलो होतो, त्यांना मी दिसलो नाही). बंद गाडी डॉक्टर घेत नाहीत, त्यामुळे सहा वाजेपर्यंत मी नुसता गप्प बसलो तर माझं काम होतं, हे मला सतराव्या वेळी सुचलं. पण त्यांनी येऊन टक टक करावी आणि ही मुकी उभी असावी, हे मला बघवणार नाही. गाडी कोणाला द्यायची ती द्या. तुमच्या खुब्याच्या डॉक्टरांचा कागद मी दवाखान्यात दोनदा वाचला आहे. मांडी घालू नये, वाकू नये, जड उचलू नये, आणि बसायचं झाल्यास उंच आसनावरच बसावं, असं त्यात आहे. आपल्या सगळ्या घराण्यात या सीटपेक्षा उंच आसन नाही. चोक ढकलणं हे हातांचं काम आहे, पाय लागत नाही. चढायला स्टूल ठेवलं आहे आणि ते हलतंय का ते तपासलं आहे. पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. काठी घेऊन सावकाश या. मी हँडलपाशी उभा आहे.