पायाळूचा पाय

सावली, ६ ऑगस्ट

चि. उर्वशीस हेमराजदादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पावसानं तुह्याकडचा टावर बंद पडला, म्हणून ही चिठ्ठी मुलचेऱ्याच्या बसवर देऊन राह्यलो.

मायच्या कंबरेवर सूज आली. लिंबाएवढी होती, आता मुठीएवढी झाली. धानाचा रोवणा करता करता, वाकून वाकून चमक भरली असन, असं सारे म्हणतेत. मायचं एकच म्हणणं, का माही उर्वशी पायाळू, पायाकडून जन्मली, तिनं कंबरेले पाय लावला का चमक जाते. शेजारच्या मंगलीकाकूची सूनही पायाळूच. ती पाय लावाले आली होती, पण मायनं तिले अंगणातूनच वापस धाडलं. सांजवेळी अंगात कणकण राह्यते, जेवण कमी झालं. दवाखान्याचं नाव काढलं का तोंड फिरवते. पोळ्याची वाट न पाहता ये.

आमच्यावर जीव असू दे.

तुहा, हेमराज

मुलचेरा, ११ ऑगस्ट

ती. दादास उर्वशीचा सा. न.

वि. वि. लहानपणी साऱ्या गावानं माहा पाय उसना नेला. तू चिडवत होता, का हिच्या पायाचा दवाखानाच काढा. पण या खेपेले माहा पाय मागू नको.

इथल्या डॉक्टरीणबाईले इचारलं. त्या म्हणाल्या, कंबरेवर सूज याले कारणं लय. वाकून काम केल्यानं स्नायू ताणते, पडल्यानं मार लागते. गळू असलं तर जागा लाल अन् गरम होते, किडनीचं दुखणं असलं तर लघवीले जळजळते. पण सूज थंड अन् नरम असन, सांजेचा ताप असन, अंग वाळत असन, तर मणक्याच्या टीबीचा पू उतरला असू शकते. तू हात लावून पाह्य. थंड असन तर त्याच दिवशी चंद्रपूरले ने. पाय, मालीश, शेक, काहीच नको. मायले सांग, ती दवाखान्यात गेल्याबिगर मी घरात पाऊल टाकणार नाई.

मले लय भेव लागून राह्यलं दादा. तिले सांभाळ, अन् मले इसरू नको.

तुही, उर्वशी

चंद्रपूर, २० ऑगस्ट

चि. उर्वशीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुही धमकी वाचून दाखवली तवा माय निघाली. सूज थंडच होती. मणक्याचा टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, कंबरेले पट्टा बांधला. पण पायातली ताकद गेली, उभी केली का गुडघे मोडतेत. डॉक्टर म्हणाले, चालन असं वाटते, पण वचन देत नाई.

त्यायले पायाळूचं सांगतलं तर ते म्हणाले, त्या जागेवर कोणी जोरानं पाय दाबला असता तर दोन्ही पाय कायमचे जाऊ शकले असते. मंगलीकाकूची सून आठवली अन् मी बाहेर जाऊन रडलो. मायचा हट्ट तुह्याच पायाचा होता, म्हणून ती तेवढ्यातून वाचली.

तुह्यावरचा आमचा जीव तू जाणतेच. ही चिठ्ठी मायजवळ बसूनच लिहून राह्यलो. ती म्हणते, उर्वशीले लिव्ह, या खेपेले तिचा पाय नको, हात पाह्यजे, मले उभं कराले.

तुहा, दादा