गप करणारी चिठ्ठी

सोमवार, ३ फेब्रुवारी

रहिमतपूरच्या पुढं माळावर काम मिळालं! सांगलीत हळदीची पोती उचलली, कोरेगावात रसवंती चालवली, पण कुठं महिनाभर पाय टिकला नाही. इथं टिकेल असं वाटतंय. पुढं औषधाची प्रयोगशाळा, मागं पत्र्याचं शेड, त्यात चौदा मेंढ्या. मी जतचा बिराप्पा, मेंढरांतच वाढलेला, म्हणून घेतलं. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर नंबर. जेवण तानुबाई रांधते. पहिल्याच घासाला तिनं विचारलं, किती दिसांचा पाव्हणा हायस रं? वांगं लय झाक होतं. फाटकापाशी एक तांबडं कुत्रं आहे, त्याचा एक कान... जाऊ दे, मेंढ्यांचं लिहायचं होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वीरधवल साहेब इथले मालक. माणूस कडवट. माझ्या घोंगड्याचा वास येतो म्हणून मला दारातच थांबवतात. आज मात्र समजावून सांगितलं. पेशी म्हणजे कडी लावलेलं घर. आत एक जनुक बसलंय, त्याच्यामुळं दुखणं कळतं. 'गप बस' एवढंच लिहिलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. ती एकटी निघाली तर वाटेतच फाटते. म्हणून तिला पेप्टाइडची चिमुकली गाडी. गाडी भिंतीतनं घुसते, चिठ्ठी आत टाकते. नाकात फवारा मारला की काम झालं. पुढं माणसालाही ऑपरेशनचं दुखणार नाही म्हणे. मी विचारलं, गाडी भलत्याच घरात घुसली तर? साहेब म्हणाले, तू लेंड्या झाड.

सहा नंबरचा बिल्ला तुटला होता, मी नवा मारला. एरवी मेंढी हातभर उडते. ही फवारा घेतलेली. कानाला भोक पडलं तरी रवंथ करत राहिली.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज एका कोकराला फवारा जास्त झाला. नाक भरलं, श्वास अडकला, डोळे पांढरे. आमच्यात कोकरू गुदमरलं की त्याच्या नाकाला तोंड लावून सगळं ओढून घ्यायचं, थुंकायचं आणि मग फुंकर घालायची. बा असंच करायचा. मीही केलं, आणि कोकरू जगलं! पण ओढताना निम्मं माझ्याच छातीत गेलं. साहेब बघत होते. शिव्या घालतील वाटलं, तर हसले. पहिल्यांदाच. मग वहीत काहीतरी लिहिलं. तानुबाई हळूच म्हणाली, घरला जा बाबा, आजच जा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चुलीवरचा तवा हातानं उचलला. चटका बसलाच नाही. मांस जळाल्याचा वास आला, तेव्हा कळलं. आधी मजा वाटली. मग सहा नंबरला बघितलं. तिनं स्वतःचाच पुढचा पाय चावून काढलाय. हाड दिसतंय. ती शांत.

रविवार, १६ फेब्रुवारी

न सांगता निघालो. स्टँडपर्यंत चालत. पाय लय हलके. एक बाई किंचाळली. मागं बघितलं, रस्ताभर लाल पावलं — माझी. तळव्यात बाटलीची काच, बोटभर आत. जीप आली. साहेब लोकांना म्हणाले, वेडा आहे, आमचाच आहे. लोक म्हणाले, न्या की मग, घाण झाली इथं. जीपमध्ये साहेब म्हणाले, चिठ्ठी एवढी छान कुणात बसली नव्हती. तुला सोडतोय व्हय?

सोमवार, १७ फेब्रुवारी

गादी आता शेडात. बाहेरनं कडी. फोन काढून घेतला. तानुबाईला हाकललं म्हणे. अंगाचा पहारा डोळ्यांनी करावा लागतो. जीभ चावली का बघायचं, बोटं मोजायची. डोळा लागला की —

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुपार. झोपलो होतो. कसा झोपलो?

बादलीतल्या पाण्यात तोंड बघितलं. कानाला पिवळं काहीतरी. पंधरा.

कवा मारला? हात लावला. भोक. रक्त वाळलंय. मला कळलंच —

मग अजून काय काय कळलं नसंल?

बोटं मोजली. दहा. बरं.

पायांवर घोंगडं हाय. हलतंय. मी हलवत न्हाई. खालनं चावल्यागत आवाज. सहा नंबर जाग्यावर न्हाई —

दुखत न्हाई. कायच दुखत न्हाई.

घोंगडं उचल —