दुकानात चालतं, घरी बंद पडतं

रविवार, ३ मार्च

पुन्हा मेलं! ऐन बोलण्यात. ठमीचा चेहरा पडद्यावर थिजलेला, तोंड अर्धं उघडं. आधी अर्धा तास हवापाणी, माझं गुडघेपुराण, तिच्या ऑफिसातल्या बाईचे किस्से — तोवर कॉम्प्युटर अगदी साळसूद. आणि ती ‘बाबा, घराबद्दल एक विचारायचं होतं’ म्हणाली मात्र, ठप्प!

लगेच फोन लावला. ‘तुम्ही मुद्दाम बंद करता ना? मागच्या रविवारीही असंच. विषय निघाला की गायब!’ अगं, शपथ, म्हटलं. ‘राहू द्या. फोनवर नाही विचारायचं मला. तुमच्याकडे बघून विचारीन.’

एकुलती एक लेक, आणि बापाला लबाड समजते. जेवण गेलं नाही.

सोमवार, ४ मार्च

‘घराबद्दल’ म्हणजे काय ते न कळायला मी कुकुलं बाळ नाही. घर विका आणि म्हाताऱ्यांच्या कुठल्यातरी चकचकीत खोलीत जाऊन पडा — दुसरं काय असणार? खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना त्यांच्या मुलाने अस्संच गोड बोलून हलवलं. आता जिन्यात ‘काय, कसं काय’ म्हणायलाही कोणी उरलेलं नाही.

मी नाही जाणार. ठमीची आई ज्या खोलीत गेली त्या खोलीत मीही जाईन. आणि हे ठमीला तोंडावर सांगणार. त्यासाठी हे डबडं तासभर तरी जगलं पाहिजे.

बुधवार, ६ मार्च

मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. दिवसभर तपासणी चालवली. एक चूक सापडेल तर शपथ! उभा जन्म कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात गेला, पण असा छळवादी आजार पाहिला नाही. पत्ते खेळा, पत्रं टाईप करा — खुशाल चालतो. काल मात्र कॅमेरा लावून स्वतःलाच बघत बसलो, तर मेला.

स्वतःला इतका वेळ बघायची सवय नाही. दाढी वाढलीय.

शनिवार, ९ मार्च

पॉवर सप्लाय नवा घातला. आता बघू.

रविवार, १० मार्च

आज ठमी हवापाण्यावरच घुटमळत राहिली. विचार ना, म्हटलं. ‘आधी तुमचं मशीन बरं होऊ द्या,’ म्हणाली. हसली नाही. तेवढ्यात गेलंच!

मी फोन केला नाही. तिनेही नाही.

मंगळवार, १२ मार्च

हात टेकले. रिक्षात घालून दुकानात नेला. दुरुस्तीवाल्याने टेबलावर आडवा टाकला, झाकण काढलं, सिनेमा लावून दिला. बसून राहिलो. निदान माणसांत होतो. चहा पाजला त्याने. दुकान बंद करायची वेळ झाली तरी सिनेमे चालूच!

‘काका, याला काहीही झालेलं नाही. घरी एकटे असता का हो?’

मी म्हातारचळ लागल्यासारखा घरी आलो. डबडं बगलेत.

गुरुवार, १४ मार्च

घरी उभा केला. कॅमेरा लावला. अर्ध्या तासात ठप्प. त्याला घर आवडत नाही, की मी?

शुक्रवार, १५ मार्च

पकडला चोर!

दुकानात आडवा होता, घरी उभा असतो — न्हाणीघरात हे डोक्यात आलं, तसाच ओला बाहेर आलो. आडवा केला, झाकण काढलं, कॅमेरा लावला. चालला! उभा केला. थोड्या वेळाने बोर्डाच्या खालच्या बाजूला बोट लावलं — आई गं! असला चटका!

चिपसेट. बोर्डावरचा हमाल. कॅमेरा, डिस्क, नेट — सगळ्यांचं ओझं तोच वाहतो. एकट्या टाईपिंगला तापत नाही. बोलायला बसलं की सगळे एकदम त्याच्या डोक्यावर. त्याला गार ठेवणारा जो धातूचा ठोकळा असतो, त्याची एक प्लॅस्टिकची खुंटी तुटलीय. आडवा ठेवला की ठोकळा आपल्याच वजनाने चिपवर नीट बसतो. उभा केला की एका बाजूने लोंबतो. मेमरी नाही, पॉवर सप्लाय नाही — एक फुटकळ खुंटी!

एवढं सापडलं आणि सांगायला कोणी नाही. भिंतीला म्हटलं, ‘बघितलंस?’

शनिवार, १६ मार्च

चिप आणि ठोकळ्यामधली जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली. खुंट्यांच्या जागी स्क्रू, आणि त्यांना बॉलपेनांतल्या स्प्रिंगा. ठोकळा आता हलून दाखवू दे! उभा ठेवून दुपारभर कॅमेरा चालवला. कोमट, बस्स.

कॅमेऱ्यासमोर उद्याचं भाषणही पाठ केलं. ठमीला मध्ये बोलूच द्यायचं नाही. बोलू दिलं की मी विरघळतो.

रविवार, १७ मार्च

अर्धा तास झाला. चाललाय! ‘बाबा, घराबद्दल—’ एवढंच ती म्हणाली आणि मी सुटलो. सगळं, एका दमात. नाही म्हणजे नाही. मला आहे तसं राहू दे. माझ्या घरात माझ्या मनासारखंच होणार, तुझे बेत तुझ्यापाशी ठेव!

ती नुसती बघत राहिली. पडदा थिजला की काय असं वाटलं, पण तिच्या पापण्या हलत होत्या.

‘बरं. मला इथे एकटीला नाही राहवत, बाबा. तुमच्याजवळ येऊन राहू का, एवढंच विचारायचं होतं. असू दे.’

या वेळी तिने बंद केलं.

तेव्हापासून फोन लावतोय. रिंग वाजतेय तिकडे. उचल गं बाई. उचल.